द्राक्षवेलीची नाडी पाहणारा धर्मोपदेशक

वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी हा प्रयोग केलेला असतो. कुंडीतल्या तेरड्याचे खोड मातीपासून दोन-तीन बोटे वर धारदार पात्याने छाटायचे, उरलेल्या बुंध्यावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा, त्यात पारा भरलेली वाकडी काचनळी बसवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन पारा किती चढला ते पाहायचे. पारा बहुधा चढलेला नसतो, कारण जोड कुठे तरी गळत असतो. मग शेजाऱ्याच्या वहीतला आकडा आपल्या वहीत येतो आणि मूळदाब या शब्दाखाली रेघ मारून आपण मोकळे होतो. ज्या गृहस्थाने हा दाब प्रथम मोजला त्याच्याही नळीचा जोड पुन्हा पुन्हा गळत होता, हे आमच्या विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर आम्हाला केवढा धीर आला असता!

हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता, वैद्य नव्हता, माळीही नव्हता. लंडनजवळच्या एका खेड्यातल्या चर्चचा तो धर्मोपदेशक होता. स्टीफन हेल्स हे त्याचे नाव. आणि त्याने नळी बसवली होती ती तेरड्यावर नव्हे, तर द्राक्षाच्या वेलीवर. अथणी, विजयपूर, मिरज, तासगाव या टापूत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या माणसाची ओळख करून घेण्याला तेवढे कारण पुरेसे आहे.

हेल्स यांचा जन्म १६७७ साली सप्टेंबर महिन्यात इंग्लंडच्या केंट परगण्यातील बेक्सबर्न या गावी झाला. घराणे जुने व खानदानी होते. आजोबा सरदार होते, पण स्टीफन हे भावंडांतले धाकटे. त्या काळच्या इंग्लंडात वाडा आणि पदवी थोरल्याकडे जाई आणि धाकट्यांनी लष्कर, वकिली किंवा धर्मखाते यांपैकी एक वाट धरावी, असा रिवाज होता. हेल्स यांच्या वाट्याला धर्मखाते आले. १६९६ साली ते केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात दाखल झाले आणि पुढे १७०३ साली तेथेच फेलो झाले.

त्या वेळचे केंब्रिज म्हणजे न्यूटनच्या सावलीतले केंब्रिज. न्यूटन स्वतः तोवर लंडनला टांकसाळीवर गेले होते. पण ग्रहांपासून भरती-ओहोटीपर्यंत सगळे काही मोजता येते आणि मोजले की कळते, ही त्यांची शिकवण तिथल्या हवेत मुरलेली होती. हेल्स यांच्याच कॉलेजात विल्यम स्टूकली नावाचा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान विद्यार्थी होता. तो पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून नावाजला. या दोघांची गट्टी जमली. जॉन रे यांनी केलेली केंब्रिज परिसरातील वनस्पतींची यादी खिशात घालून दोघे रानोमाळ भटकत, झाडे ओळखत, फुलपाखरे पकडत, बेडूक व कुत्री फाडून आतली रचना पाहत. हेल्स यांनी ग्रहांची गती दाखविणारे एक पितळी यंत्रही स्वतः बनवले होते. धर्मशास्त्राचा अभ्यास या सगळ्यातून सवड काढून चालला होता की काय, अशी शंका येते. परंतु १७०९ साली त्यांना दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. तिथे ते गेले ते १७६१ साली मरेपर्यंत, म्हणजे एक्कावन्न वर्षे राहिले.

या एक्कावन्न वर्षांत त्यांच्या घरगुती आयुष्यात घडले ते फार थोडे, आणि दुःखाचे. १७२० साली मेरी न्यूस हिच्याशी त्यांचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी ती वारली. मूलबाळ नव्हते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. घर, बाग, चर्च आणि प्रयोग एवढाच त्यांचा संसार राहिला.

प्रयोगांची सुरुवात मात्र वेलीपासून झाली नाही. तिची सुरुवात रक्तापासून झाली आणि ती वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. प्राण्याच्या धमनीत रक्त किती जोराने वाहते, हे हेल्स यांना मोजायचे होते. कामातून गेलेली, मारून टाकायला काढलेली एक चौदा वर्षांची घोडी त्यांनी आणली. जिवंतपणी तिला उताणी बांधून घातले, तिच्या मांडीतली धमनी उघडून पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फुटांची उभी काचनळी जोडली. रक्त नळीत चढत गेले आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर जाऊन ठोक्याठोक्याला वरखाली होत राहिले. मग थोडे थोडे रक्त मोजून काढीत प्रत्येक वेळी उंची किती उतरली त्याची नोंद त्यांनी केली, ती घोडी मरेपर्यंत. डॉक्टर आज दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, त्या मापनाचा उगम हा असा आहे.

शेजारच्या ट्विकनम गावी कवी अलेक्झांडर पोप राहत असे. हेल्स यांच्याबद्दल त्याला आदर होता, इतका की त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदारांपैकी एक सही हेल्स यांची आहे. पण हा भला माणूस कुत्र्यांना जिवंत फाडतो, हे मात्र पोपला कधीच सहन झाले नाही. खुद्द हेल्स यांनाही ते काम गोड वाटत नसावे, कारण प्राण्यांवरचे हे प्रयोग त्यांनी मध्येच सोडून दिले आणि चिरफाडीचा कंटाळा आला हेच त्याचे कारण असल्याचे पुढे स्वतःच्या पुस्तकात कबूल केले. झाडाच्या रसाचा दाब असाच मोजता येईल का, हा विचार त्यांच्या मनात त्याही वेळी येऊन गेला होता. पण उपाय सुचेना, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

बरीच वर्षे गेली. मग एका वसंत ऋतूत त्यांच्या बागेतल्या एका जुन्या द्राक्षवेलीची छाटणी उशिरा झाली. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मुळे जागी झालेली असताना काडी छाटली की कापलेल्या तोंडातून पाणी टपटपू लागते, आणि थांबवू म्हटले तरी थांबत नाही. वेल मरेल या भीतीने हेल्स यांनी नाना उपाय केले. काही लागू पडेना, तेव्हा त्यांनी जनावराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे त्या कापलेल्या तोंडावर घट्ट बांधले. काही वेळाने पाहतात तो ते कातडे आतल्या रसाच्या जोराने टम्म फुगलेले! दुसरा कोणी असता तर चडफडत दुसरे कातडे शोधायला गेला असता. हेल्स यांना मात्र घोडीची नळी आठवली. धमनीवर जी नळी बसते ती वेलीवर का बसू नये?

त्यांनी बसवली. मार्चअखेर एक चार-पाच वर्षांची वेल जमिनीपासून सात इंचांवर कापली, पितळी कडे घालून तिच्यावर सात फुटांची काचनळी जोडली, नळी भरली की तिच्यावर दुसरी जोडली. रस वीस फुटांच्याही वर गेला, आणि जोड गळत नसता तर आणखी चढला असता. एवढ्या उंच काचेच्या नळ्या सांभाळायच्या कशा? म्हणून मग त्यांनी पारा आणला. दुसऱ्या एका वेलीच्या बुंध्यावर वाकडी नळी बसवून तिच्यात पारा भरला. तो साडेबत्तीस इंच चढला. पाण्याच्या हिशोबात ही उंची छत्तीस फुटांहून अधिक होते. घोडीच्या धमनीतले रक्त आठ फुटांवर थांबले होते. म्हणजे जिला पान नाही, फूल नाही, हृदय तर नाहीच नाही, अशा एका कापलेल्या बुंध्याचा जोर घोड्याच्या हृदयाच्या चौपटीहून अधिक भरला!

इतका मोठा आकडा हाती आल्यावर माणूस तिथेच समाधानाने बसला असता. हेल्स यांच्या मनात पुढचा प्रश्न आला, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथे आहे. त्यांच्या लक्षात आले की हा जोर वेलीला पालवी फुटायच्या आधीच दिसतो. एकदा पाने आली की कापलेली काडी गळत नाही. उलट नळीतले पाणी ती आत ओढून घेते. वसंतात वर ढकलणारी वेल उन्हाळ्यात ओढू लागते. मग हे पाणी जाते कुठे? आणि किती जाते?

इथे त्यांनी चाकू बाजूला ठेवला आणि तराजू घेतला.

१७२४ सालच्या जुलै-ऑगस्टमधला हा प्रयोग. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे रोप कुंडीत होते. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सगळ्या फटी त्यांनी बुजवल्या, म्हणजे मातीतले पाणी परस्पर उडून जायला नको. पाणी घालायला तेवढी एक झाकण असलेली नळी ठेवली. मग सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सबंध कुंडी तराजूत घालायची. घटलेले वजन म्हणजे पानांवाटे उडालेले पाणी. बारा तासांच्या दिवसात सरासरी एक पौंड चार औंस पाणी जाई. कडक उन्हाच्या दिवशी एक पौंड चौदा औंसांपर्यंत. रात्री अगदी थोडे, आणि दव पडले तर काहीच नाही. मग सगळी पाने तोडून, पाव-पाव इंचाच्या चौकोनांची दोऱ्यांची जाळी त्यांच्यावर धरून त्यांनी पानांचे क्षेत्रफळ मोजले. ते एकोणचाळीस चौरस फूट भरले. माणसाला येणाऱ्या घामाशी त्यांनी तुलना केली, तेव्हा सारख्याच आकारमानाला सूर्यफूल सतरा पट घाम गाळते असा हिशेब निघाला.

मग कुंडीतली द्राक्षवेल तराजूत बसली. तिचे सरासरी माप दिवसाला साडेपाच औंस, पानांचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट. भागाकार करून पाहावा. तेवढ्याच पानांतून वेल सूर्यफुलापेक्षा थोडे कमी पाणी सोडते. सदाहरित झाडे त्याहूनही कमी. आज ज्याला आपण पर्णरंध्रांचे नियंत्रण म्हणतो, त्याची ही पहिली आकडेवारी होती.

या दोन प्रयोगांतला फरक मला वर्गात शिकवताना नेहमी जाणवतो. काचनळीसाठी वेल कापावी लागली. जो दाब कळला तो कापलेल्या वेलीचा. न कापलेल्या वेलीत त्या घटकेला काय चालले होते, ते ती नळी सांगू शकत नव्हती. तराजूने मात्र वेलीला सुई टोचली नाही की ओरखडा काढला नाही. शेवटी क्षेत्रफळासाठी पाने तोडली तेवढीच. ती जगत असताना, आपल्या गतीने पाणी पीत आणि सोडीत असताना तिचा हिशेब लागला. आणि ही दोन्ही मापे घेणारा हात एकच, घोडीला बांधणारा.

हे सारे प्रयोग ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात १७२७ साली प्रसिद्ध झाले. हेल्स १७१८ पासून रॉयल सोसायटीचे सभासद होते. ग्रंथ छापण्यास सोसायटीची जी अनुमती मिळाली तिच्यावर अध्यक्ष या नात्याने सही आहे आयझॅक न्यूटन यांची, फेब्रुवारी १७२७ मधली. पुढच्याच महिन्यात न्यूटन वारले. फ्रान्समध्ये ब्यूफाँ यांनी ग्रंथाचे १७३५ मध्ये भाषांतर केले. रक्तावरच्या प्रयोगांचा दुसरा भाग १७३३ साली निघाला. रक्ताप्रमाणे झाडाचा रसही गोल फिरून परत येतो, असे त्या काळचे पुष्कळ विद्वान मानीत. फांद्यांच्या साली आणि गाभ्यात खाचा पाडून हेल्स यांनी तो समज खोडून काढला. पाने हवेतून काही अन्न घेत असावीत आणि त्यात प्रकाशाचाही भाग असावा, असेही त्यांनी सुचवून ठेवले. इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये ते सिद्ध करण्याच्या अर्धशतक आधी! पाण्यावर उपडी भांडी धरून वायू गोळा करण्याची त्यांची रीत प्रीस्टली आणि लाव्हाझिये यांना उपयोगी पडली. पण हेल्स स्वतः त्या सर्व वायूंना एकच हवा समजत राहिले. किती निघाली ते मोजले, कोणती निघाली ते पाहिले नाही. मोजण्याच्या नादाचा हा तोटा म्हणायचा.

आता थोडे आजच्या बागेकडे वळतो. हेल्स यांच्या तराजूचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही.

माझे मामा तासगाव भागातले द्राक्षबागाईतदार. २००३ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा त्यांनी टँकरने पाणी आणून बाग जगवली. टँकर येई तो सगळ्या बागेला पुरेसा नसे. कोणत्या ओळीला आज आणि कोणत्या ओळीला उद्या, हे ठरवण्यासाठी मामा भर दुपारी दोनच्या उन्हात मांडवाखाली जात आणि पानांना हाताची मागची बाजू लावून पाहत. पान गार लागले तर पुढे जात. कोमट लागले की तिथे खूण करीत. मी तेव्हा त्यांना हसलो होतो. झाडाचा ताप पाहताय का, असे विचारले होते. आज हसू येते ते माझेच, कारण मामा करीत होते ते शास्त्र होते.

पानातून पाणी उडते तेव्हा ते पानाची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तसेच. मुळांना पाणी कमी पडले की वेल पर्णरंध्रे मिटून घेते, पाणी उडणे थांबते आणि उन्हात पान तापू लागते. म्हणजे पानाचे तापमान वाचले की वेलीची तहान वाचता येते, आणि पानाला न शिवता, दुरून, अवरक्त किरणांच्या साहाय्याने ते वाचता येते. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये इड्सो आणि जॅक्सन यांनी या तत्त्वावर १९८१ साली पिकाच्या जलताणाचा निर्देशांक बसवला. पुढे उष्णतेचे चित्र घेणारे कॅमेरे आले, ते आता ड्रोनवर बसून बागेवरून फिरतात. पण नुसते तापमान फसवे असते, कारण वारा आणि दमट हवाही पानाला गार-गरम करते. म्हणून चित्रात तुलनेसाठी दोन पाने ठेवतात: एक पाण्याने ओले केलेले, म्हणजे जास्तीत जास्त गार, आणि दुसरे व्हॅसलीन फासलेले, म्हणजे रंध्रे बुजून जास्तीत जास्त तापलेले. वेलीची बाकीची पाने या दोहोंच्या मध्ये कुठे पडतात ते पाहायचे. आपल्या प्रात्यक्षिकात चार पानांना व्हॅसलीन फासून ती दोरीला टांगून ठेवतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

कापण्याचा मार्गही संपला नाही. पान तोडून लोखंडी कुपीत घालायचे आणि देठातून पाण्याचा थेंब बाहेर येईपर्यंत वायूचा दाब वाढवायचा, ही शोलँडर यांची १९६५ ची पद्धत अजूनही प्रमाण मानली जाते. वेलीतले पाणी उन्हाळ्यात ढकलले जात नाही, ओढले जाते, हे हेल्स यांनी पाहिले होते. त्या ओढीचे कारण डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली सांगितले आणि शोलँडर यांच्या कुपीने ती ओढ मोजली. दुपारच्या वेळी ती सुमारे दहा वातावरणांपर्यंत गेली की पाणी द्यायची वेळ झाली, असे कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत सामान्यतः धरतात. वसंतातला हेल्स यांचा छत्तीस फुटांचा दाब एका वातावरणाहून थोडाच जास्त. मग त्याचा वेलीला उपयोग काय? रानद्राक्षांवरच्या एका अभ्यासात १९८७ साली दिसले की थंडीत वेलीच्या जलवाहिन्यांत हवा शिरून त्या रिकाम्या पडतात, आणि वसंतातला हा मूळदाब त्यांतली हवा बाहेर रेटून त्या पुन्हा पाण्याने भरतो. हेल्स यांनी बांधलेले कातडे कशाने फुगले होते, याचा अर्थ असा अडीचशे वर्षांनी लागला.

तराजूही आहेच. कॅलिफोर्नियातल्या पार्लियर येथील संशोधन केंद्रात जमिनीत पुरलेल्या मोठ्या टाकीत १९८७ साली थॉमसन सीडलेस जातीच्या दोन वेली लावल्या आणि सबंध टाकी वजनकाट्यावर बसवली. थॉमसन सीडलेस म्हणजे आपल्या तास-ए-गणेश आणि सोनाका यांची आईच. त्या वेली किती पाणी पितात ते त्यांना न कळत वर्षानुवर्षे मोजले गेले आणि त्यातून एक फार सोपी गोष्ट हाती लागली: वेलीला लागणारे पाणी भर दुपारी तिच्याखाली पडणाऱ्या सावलीच्या प्रमाणात असते. सावली दुप्पट, तर पाणी दुप्पट. त्यासाठी ड्रोन नको, कुपी नको; मांडवाखाली चौकोन आखलेला एक पुठ्ठा टाकून सावलीचे चौकोन मोजले की झाले. हेल्स यांच्या दोऱ्याच्या जाळीची आठवण व्हावी असेच हे काम आहे. मामांना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले की पुठ्ठा वाऱ्याने उडतो, त्यावर दगड ठेवावा लागेल.

हेल्स यांच्या उत्तरायुष्याची हकीकत लांबवण्याचे कारण नाही, तरी तीही प्रयोगांनीच भरलेली आहे. १७४१ पासून त्यांनी भात्यासारखी हवा खेळवणारी यंत्रे बनवली. जहाजांच्या तळाशी, तुरुंगांत, इस्पितळांत, धान्याच्या कोठारांत कोंडलेली हवा बदलण्यासाठी ती होती. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात ती पवनचक्कीला जोडून बसवली, आणि ती बसवणाऱ्या कामगारांपैकी काहींना तुरुंगातल्या तापानेच गाठले. जिन दारूने लंडनची गरीब वस्ती बुडत होती, तेव्हा त्यांनी निनावी पत्रक लिहून तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. मुतखड्यावरील संशोधनासाठी १७३९ चे कोपली पदक त्यांना मिळाले आणि १७५३ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सभासद करून घेतले. राजपुत्र फ्रेडरिक न कळवता त्यांच्या प्रयोगशाळेत येऊन बसत असे. त्याच्या पश्चात राजकुमारी ऑगस्टा यांनी हेल्स यांना आपला धर्मोपदेशक नेमले. विंडसरची मानाची आणि मोठ्या प्राप्तीची जागा मात्र त्यांनी नाकारली.

ते सगळ्यांनाच गोड वाटत असतील असे नाही. गावातल्या ज्या बायकांचे वर्तन त्यांना खटके त्यांना ते चर्चमध्ये चारचौघांत प्रायश्चित्त घ्यायला लावीत, आणि पुरुषांच्या बाबतीत असा कडकपणा केल्याचे ऐकिवात नाही. हँपशायरमधल्या फॅरिंग्डन गावाचेही ते उपदेशक होते आणि उन्हाळ्यात तिथे राहत. जवळच्या सेलबर्नचे निसर्गवेत्ते गिल्बर्ट व्हाइट यांच्या घरी त्यांचे जाणे-येणे होते. व्हाइट यांनी त्यांच्या आठवणीत एक गंमत नोंदवली आहे: फळांचा पाक उतू जाऊ नये म्हणून भट्टीत घालायच्या पदार्थाच्या तळाशी एक कप उपडा ठेवावा, असे हेल्स घरोघरच्या गृहिणींना सांगत फिरत. वायूसाठी उपडी भांडी वापरणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरातही शेवटी भांडे उपडेच केले.

१७५४ साली, वयाच्या शहात्तर-सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी टेडिंग्टन गावाला चांगले पाणी आणून दिले. असे काम पुरे झाले म्हणजे आपल्याकडे कोनशिला बसते. हेल्स यांनी चर्चच्या नोंदवहीत, बारशांच्या आणि मर्तिकांच्या नोंदींबरोबर, त्या पाण्याचे माप लिहून ठेवले: सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या तीन झोक्यांत दोन क्वार्टांचे भांडे भरते. कोणाला शंका नको म्हणून लंबकाची लांबीही लिहिली, खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एकोणचाळीस पूर्णांक दोन दशांश इंच. ती नोंद हाती घेऊन कोणीही आज त्या पाण्याचा प्रवाह काढू शकेल.

४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ते टेडिंग्टनमध्येच वारले. राजकुमारी ऑगस्टा यांनी वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांचे संगमरवरी स्मारक उभारले. देह मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे टेडिंग्टनच्याच चर्चच्या मनोऱ्याखाली पुरला. तो मनोरा त्यांनीच बांधून घेतला होता. मनोऱ्याखालून लोकांची ये-जा असे. कबरीच्या फरशीवरची अक्षरे पायांनी झिजत गेली, इतकी की ती वाचता येईनात. १९११ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका जुन्या नोंदीवरून तो मजकूर शोधून काढला आणि तिथल्या भिंतीवर पाटी करून लावला.